देऊ

शोरूम वर्धा रोडवर, सगळं काचेचं.
मे महिन्यात त्या काचेवर पालही टिकत नसे.
मी तिथे सेल्समध्ये. टाय कंपनीचा, पगार बावीसशे,
आणि दिल्लीच्या ट्रेनिंगमध्ये कोरियन साहेबाने सांगितलेलं
एक वाक्य पाठ :
देवू म्हणजे आमच्या भाषेत अफाट विश्व.

आमच्या भाषेत, साहेब,
देऊ म्हणजे भविष्यकाळ. प्रथमपुरुष, अनेकवचन.
एवढं व्याकरण झालं होतं माझं काटोलच्या शाळेत,
पण तेव्हा नुसता हसलो.

माझी युक्ती साधी :
गिऱ्हाइकाला दुपारी दोनलाच बोलवायचं.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, अशा अवस्थेत आलं की
सिएलोत बसवायचं, काचा वर, एसी तीनवर,
आणि काही न बोलता
झिरो माइलपर्यंत नेऊन आणायचं.
तिथे ते चार घोडे उन्हात उधळलेले,
खांबावर कोरलेलं, कुठलं गाव किती मैल.
(सोल नव्हतं त्यात. हे मला फार उशिरा सुचलं.)
परत आलो तरी गिऱ्हाईक उतरत नसे.
सीटवर हात फिरवत म्हणे, अजून एक चक्कर होईल का भाऊ?
तिथेच फॉर्म भरून घ्यायचा.

इतवारीचे वालदे, संत्र्याचे अडते, रोख मोजून गेले.
वेकोलिचे खोब्रागडे साहेब पीएफ काढून आले,
सोबत बाई, माझ्या टेबलावर संत्रा बर्फीचा डबा.
गाडी कधी? देऊ.
पांढरी मिळेल? देऊ.
दिवाळीच्या आत? देऊ ना.

मग एका सकाळी किंमतच उतरली.
आठवड्यापूर्वी गाडी नेलेल्या वालद्यांनी
ती आणून शोरूमच्या दारात आडवी लावली.
‘काहून बे? आठ दिवसांत शिळी झाली का माही गाडी?’
चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.
मीच प्यायलो नंतर, गार.

मधे छोटी आली, मॅटिझ, बेडकाच्या डोळ्यांची.
धरमपेठेत, कॉलेजांसमोर दिसू लागली,
वाटलं, निभावलं.
पण समुद्रापलीकडे कर्ज केवढं साचलं होतं
ते आम्हाला कळायचं फक्त पार्टांच्या खोक्यांवरून :
आधी खोकी यायची, मग खोक्यात निम्मं सामान नि एक चिठ्ठी,
मग नुसती चिठ्ठी.
सूरजपूरला फोन वाजायचा.
वाजत राहायचा.

मालकाने आतून काचांना वर्तमानपत्रं चिकटवली.
आमची बातमी आतल्या बाजूला आली.
मी टाइल्सच्या दुकानात लागलो, पुढे विम्यात.
शोरूममध्ये आता लग्नाचे सोफे भाड्याने मिळतात.

परवा मोमिनपुऱ्यात इसराईल मिस्त्रीकडे स्कूटर टाकायला गेलो
तर ती उभी. पांढरी.
नंबरवरून ओळखली, आरटीओत रांगेत राहून मीच आणला होता.
हेडलाइट दुसऱ्याच कुळातला, बंपर तारेने आवळलेला,
दाराचं हँडल पितळेचं, इसराईलने घरी ओतलेलं.
‘मिळत नाही तं बनवून टाकतो,’ तो बॉनेटखालून म्हणाला,
इंजिन चालू ठेवून कसलासा आवाज ऐकत होता.

मागच्या सीटवर खोब्रागडे बाई.
साहेब जाऊन सहा वर्षं.
मुलगी पुण्याहून सांगते, विकून टाक,
भंगारवाला अठरा हजारांवर अडून बसलाय.
‘उन्हात काय उभे राहून राहिले? बसा ना.’
बसलो. दुपारचे दोन वाजले होते.
एसीला जुन्या कापडाचा वास, पण गार.
समोर टायरांचा ढीग, त्यावर एक शेळी.
उतरावंसं वाटेना.

‘डाव्या आरशाची काच तेवढी कुठंच भेटत नाही,’
बाई म्हणाल्या. ‘तुम्ही तं कंपनीचे होते ना?’

आणि इतक्या वर्षांनी, गळ्यात टाय नसताना,
माझ्या तोंडून निघून गेलं :
देऊ.

बाईंनी हात लांबवून
काच आणखी थोडी वर केली.